१ लाख ८६ हजार किलोमीटर चाललेल्या पेट्रोल गाडीत सिंथेटिक इंजिन ऑइल टाकावे का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून तिचे १ लाख ८६ हजार किलोमीटर झाले आहेत. गाडीचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा तेलावरून कंपनीवर घसरते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत जाऊन नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, पर्यावरण कर भरला आणि चारही टायर बदलले. तेव्हा ही गाडी अजून चार-पाच वर्षे तरी वापरायची, हे घरात ठरलेले आहे.

गाडीचा वापर असा आहे: आठवड्यातील पाच दिवस गंगापूर रोडवरून सातपूरला जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा कसारा घाटातून ठाण्याला. पहिली सात-आठ वर्षे गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये जात होती. त्यानंतर ओळखीच्या गॅरेजमध्ये दर पाच हजार किलोमीटरला २०डब्ल्यू-४० ग्रेडचे साधे मिनरल ऑइल टाकले जाते. मालकाच्या पुस्तिकेत तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिला आहे. त्यात ५डब्ल्यू-३० पासून २०डब्ल्यू-४० पर्यंतचे पर्याय आहेत आणि दर्जा ‘एपीआय एसएल किंवा त्याहून वरचा’ असावा असे लिहिले आहे (एपीआय ही तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकी पेट्रोलियम संस्था).

तक्रार एकच आहे. दोन ऑइल बदलांच्या मधल्या पाच हजार किलोमीटरमध्ये तेल मोजायच्या काडीवरची पातळी वरच्या खुणेवरून घसरत जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत येते, आणि मध्येच अर्धा लिटर तेल वरून घालावे लागते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) कडेने ओलसरपणा दिसतो, परंतु पार्किंगच्या फरशीवर थेंब पडलेला मला आजवर दिसलेला नाही.

आता तीन ठिकाणांहून तीन सल्ले मिळाले आहेत. आमचे मिस्त्री म्हणतात की जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकले की आतली घाण सुटते, सील गळू लागतात आणि ‘चालत्या गाडीला खीळ’ बसते. ऑइलच्या दुकानदाराने पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३० चा डबा समोर ठेवून ॲव्हरेज वाढेल असे सांगितले. अमेरिकेतील मावसभाऊ ‘हाय मायलेज’ असे लिहिलेले वेगळे तेलच वापरतो आणि तेच शोध म्हणतो. दुकानदाराने सांगितलेली किंमत मिनरल तेलाच्या दुपटीच्या आसपास आहे. पैसे खर्च करायला माझी हरकत नाही. मात्र ते इंजिनाच्या कामी यावेत, एवढीच अपेक्षा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


पाना-पकड (सांगली)

गोदाकाठ साहेब, माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि तुमच्या मिस्त्रींसारखेच मीही अनेक वर्षे गिऱ्हाइकांना सांगत असे की जुन्या गाडीला सिंथेटिक लावू नका. असे मी का सांगत होतो, हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

एक गाडी दीड लाख किलोमीटर चालून माझ्याकडे आली होती. ऑइल भरायचे टोपण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा काळा, नखाने खरवडला तर खपली निघेल असा थर होता. मी उत्साहाच्या भरात इंजिन फ्लश, म्हणजे आतली घाण धुणारे रसायन टाकून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले, जुने तेल काढले आणि भारी सिंथेटिक तेल भरले. दीड हजार किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाचा फोन आला की सिग्नलला थांबले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, तर आतल्या स्ट्रेनरच्या जाळीवर काळ्या खपल्यांची साय धरली होती. पंपाला तेल मिळतच नव्हते. बेअरिंग वाचले ते गिऱ्हाइकाने लगेच गाडी बंद केली म्हणून. त्या दिवसापासून मी सिंथेटिकला शिव्या देऊ लागलो. खरे तर चूक माझीच होती: आत किती घाण साठली आहे हे दिसत असताना ती एकदम सुटी करण्याची घाई मी केली होती.

म्हणून तेल निवडण्याआधी तुमचे इंजिन तेल कोठे घालवते ते शोधा. गाडी सपाट जागेवर असताना, रात्रभर थंड झाल्यावर सकाळी काडी पाहावी. काडी सुती कापडाने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते, म्हणजे वरून घातलेले अर्धा लिटर धरूनही तुमची गाडी पाच हजारांत फार तर दीड लिटर खाते. हे इंजिन मरायला टेकल्याचे लक्षण मुळीच नाही. काही नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला एक लिटर ही कमाल मर्यादा छापलेली आहे. ती मर्यादा मला स्वतःला फारच सैल वाटते, हा भाग वेगळा.

आता धूर पाहा. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना घरातील कोणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभे करा. निळसर धुराचा एक भपका येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. तुमच्यासाठी दुसरी परीक्षा सोपी आहे, कारण तुम्ही दर महिन्याला कसारा उतरता. घाट गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, जोराचा ओढा तयार होतो. सील कडक झाले असतील तर तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढले जाते. घाट संपल्यावर खर्डीच्या बाजूला सरळ रस्ता लागतो, तेथे पाय दाबताच आरशात निळा ढग दिसला तर कारण सील आहे. उलट चढावर किंवा ओव्हरटेक करताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा पाहाव्या लागतील. मिस्त्रींकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) मोजून घ्या. ते एखाद्यात कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायला सांगा. तेलानंतर दाब एकदम वाढला तर रिंग झिजली आहे किंवा चिकटली आहे, आणि न वाढल्यास व्हॉल्व्हकडे बघायचे.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढा हा भाग इंजिनातील वाफ पुन्हा इनटेकमध्ये पाठवतो. तो काढून कानाजवळ हलवला की खुळखुळ वाजला पाहिजे. तो चिकटला की इंजिनात दाब साठतो आणि तो दाब तेलाला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. तुमच्या टॅपेट कव्हरचा ओलसरपणा निम्मा तरी यामुळे असू शकतो. टोपण उघडून आतला रंग काय आहे तेही येथे लिहा. मधासारखा तपकिरी असेल तर निश्चिंत राहा. लोण्यासारखा पांढुरका फेस असेल आणि कूलंटची पातळी कमी होत नसेल, तर ते रोजच्या पाच किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे साठलेले पाणी आहे.


तेल_तपासनीस (मुंबई)

मी एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. पाना-पकड यांनी क्रम अगदी योग्य सांगितला आहे. मी डब्यावरील अक्षरांबद्दल लिहितो, कारण ‘सिंथेटिक’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत: तेलाचा दाटपणा, मूळ तेलाचा प्रकार आणि त्यात मिसळलेली रसायने.

दाटपणापासून सुरुवात करू. ५डब्ल्यू-३० मधील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे आणि त्याच्या आधीचा आकडा केवळ थंडीतील वर्तन सांगतो. ५डब्ल्यू तेलाची स्टार्टरला होणारी अडचण उणे ३० अंशांवर मोजतात, १०डब्ल्यूची उणे २५ वर, १५डब्ल्यूची उणे २० वर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. तेथेही २०डब्ल्यूची मर्यादा कित्येक अंश खाली आहे. पहाटे सुरू करताना पातळ ‘डब्ल्यू’ तेल वरच्या भागात थोडे लवकर पोहोचते, हा फायदा खरा आहे, परंतु आपल्या हवामानात केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असे मी म्हणणार नाही.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी असतो. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचे तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) या पट्ट्यात असते आणि ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ मध्ये. याहून महत्त्वाचा, पण डब्यावर सहसा न छापला जाणारा आकडा म्हणजे १५० अंशांवर, बेअरिंगमधील ताणाखाली उरणारा दाटपणा, ज्याला एचटीएचएस म्हणतात. ३० ग्रेडला तो किमान २.९, १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ आणि २०डब्ल्यू-४० ला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो. दुकानदाराने सुचवल्याप्रमाणे तुम्ही २०डब्ल्यू-४० वरून थेट ५डब्ल्यू-३० वर गेलात, तर एकाच वेळी दोन बदल कराल: तेलाचा प्रकार बदलेल आणि गरम अवस्थेतील दाटपणाही उतरेल. त्यानंतर तेल जास्त जळू लागले किंवा कव्हर जास्त ओले झाले, तर बदनामी ‘सिंथेटिक’ची होईल, आणि कारण बहुधा ‘३०’ हे असेल. जुन्या गाड्यांबद्दलच्या बऱ्याच दंतकथा अशाच जन्मल्या आहेत, असे माझे मत आहे.

आता मूळ तेल. मूळ तेलांचे पाच गट मानले जातात. पहिले दोन मिनरल म्हणून विकले जातात, तिसरा गट हायड्रोजनच्या साहाय्याने तीव्र प्रक्रिया केलेल्या खनिज तेलाचा, चौथा पॉलिअल्फाओलेफिन म्हणजे पीएओचा आणि पाचव्यात एस्टरसह उरलेली सर्व तेले येतात. तिसऱ्या गटाला ‘सिंथेटिक’ म्हणावे की नाही, यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला आणि १९९९ मध्ये जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तेथील मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून बहुतेक देशांत तिसऱ्या गटाचे तेलही पूर्ण सिंथेटिक म्हणून विकले जाते. ‘सेमी-सिंथेटिक’मध्ये सिंथेटिकचा वाटा किती असावा, याचे बंधन एपीआयने घातलेले नाही. म्हणून डब्याच्या दर्शनी भागापेक्षा मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचायची सवय लावून घ्यावी.

सील गळण्याची भीती कोठून आली, तेही सांगतो. सत्तरच्या दशकातील सुरुवातीची शुद्ध पीएओ तेले काही प्रकारच्या रबराला किंचित आकसवत असत. मिनरल तेलात असलेले काही घटक रबराला थोडे फुगवून ठेवतात. ते पीएओत नसतात. पुढे उत्पादकांनी त्यात एस्टर मिसळून हा दोष काढला, आणि आज मान्यताप्राप्त दर्जाच्या तेलाला सीलच्या रबराशी अनुकूलतेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तेव्हा चांगल्या सीलला आजच्या सिंथेटिकने धोका नाही. वयामुळे कडक होऊन तडकलेले सील, ज्याच्या भेगेत चिकट गाळच बुचासारखा बसला आहे, ते मात्र तेल घाण धुऊ लागताच गळू शकते. अशा वेळी गळतीचे खापर तेलावर फोडणे म्हणजे भिंत पुसल्यावर दिसलेल्या तड्यासाठी फडक्याला दोष देणे होय.

मग सिंथेटिकचा तुम्हाला उपयोग काय? माझ्या मते दोन गोष्टींत. पहिली म्हणजे ते कमी उडून जाते. २५० अंशांवर तासाभरात किती तेल वाफ होऊन जाते हे मोजणारी नोआक नावाची चाचणी आहे; एपीआय एसएन या एसएलहून नव्या दर्जात ही मर्यादा १५ टक्के, तर एसीईए या युरोपातील वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ दर्जात १३ टक्के आहे. तुमच्या गायब होणाऱ्या तेलाचा काही भाग असाच वाफ होऊन जात असेल, तर तो कमी होईल. दुसरी गोष्ट अशी की ते उष्णतेत लवकर ऑक्सिडीकृत होत नाही, त्यामुळे पिस्टनच्या ऑइल रिंगमागील बारीक छिद्रे कार्बनने बुजण्याचा वेग कमी होतो. झिजलेली रिंग कोणतेही तेल नवी करणार नाही. चिकटलेली रिंग मात्र चांगल्या तेलाच्या दोन-तीन बदलांत काहीशी मोकळी होते, हे मी पाहिले आहे. ॲव्हरेज वाढण्याबद्दल मी फार आशा ठेवणार नाही.

माझी शिफारस अशी: पुस्तिकेच्या तक्त्यात १०डब्ल्यू-४० असेल तर तो ग्रेड घ्यावा, दर्जा एपीआय एसएन किंवा एसपी असावा, आणि शक्य असल्यास एसीईए ए३/बी४ असे छापलेले असावे, कारण त्यात ३.५ चा एचटीएचएस आपोआप येतो. एस गटातील नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. एसपी हा २०२० मधील दर्जा असून त्यातील काही चाचण्या टर्बो, थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांसाठी आहेत. तुमच्या इंजिनाला त्यांचा उपयोग नाही, पण अपायही नाही. झिंकच्या कमतरतेची चर्चा इंटरनेटवर फार होते. फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा ३० व त्याहून पातळ ग्रेडना लागू आहे, ४० ला नाही. शिवाय ही काळजी जुन्या पुशरॉड इंजिनांच्या, म्हणजे पद्मिनी किंवा अँबॅसडर बाळगणाऱ्यांनी करावी. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे वाटेत कमी पडल्यास मिळेल ते योग्य ग्रेडचे तेल घालायला घाबरू नये.


श्टुटगार्टकर (जर्मनी)

मूळ पुण्याचा, गेली अकरा वर्षे येथे आहे. तेल_तपासनीस काकांच्या माहितीला एक पुस्ती जोडतो. येथे डब्यावर ‘पूर्ण सिंथेटिक’ हा शब्द पीएओ आणि एस्टरच्या तेलांसाठीच राखून ठेवलेला दिसतो. तिसऱ्या गटाच्या तेलांवर ‘एचसी सिंथेसिस’ किंवा ‘सिंथेसिस तंत्रज्ञान’ असे काहीतरी लिहितात. तेच तेल सीमेपलीकडे गेले की त्याचे बारसे बदलते, याची मला नेहमी गंमत वाटते.

माझी जुनी स्टेशन वॅगन २ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. मी तिच्यात ५डब्ल्यू-४० वापरतो, आणि त्याचे कारण जानेवारीतील उणे बारा-पंधरा अंशांची पहाट आहे. नाशिकला राहत असतो तर १०डब्ल्यू-४० वर खूश राहिलो असतो. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत येथे इंजिनाखाली दिवा धरून तेलगळती पाहतात आणि थेंब पडत असेल तर गाडी परत पाठवतात. त्यामुळे ‘अजून थेंब पडत नाही ना, मग राहू दे’ ही सवय मला येथे सोडावी लागली. टॅपेट कव्हरचे पॅकिंग हे सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे, ते तेल बदलण्याआधीच करून घ्या.

‘हाय मायलेज’ तेलाबद्दल थोडेसे. अमेरिकेत ७५,००० मैलांवर, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटरवर गेलेल्या गाड्यांसाठी ते विकले जाते. त्यात रबर किंचित मऊ करून फुगवणारे घटक जास्त असतात, धुण्याची रसायने थोडी अधिक असतात आणि तेल आपल्या ग्रेडच्या पट्ट्यात सहसा वरच्या टोकाकडे ठेवलेले असते. एपीआयची मात्र ‘हाय मायलेज’ अशी स्वतंत्र श्रेणी नाही; डब्यावर छापलेला दर्जा बाकीच्या तेलांसारखाच असतो. घाम आल्यासारखे ओले होणाऱ्या सीलला त्याने फरक पडतो, कापलेल्या किंवा खोबण पडलेल्या सीलला पडत नाही. भावाकडून बॅगेत भरून आणण्याइतके ते मोलाचे नाही. आणि तेथे सर्रास मिळणारे ग्रेड ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० हे आहेत, हेही लक्षात असू द्या.


लाल_डबा_नको (अहिल्यानगर)

मी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्याकडे प्रवासी वाहतुकीची डिझेल गाडी आहे, साडेतीन लाख किलोमीटर झाले, इंजिन अजून खोललेले नाही. तिच्यात १५डब्ल्यू-४० मिनरल, डिझेलसाठीच्या सीआय-४ दर्जाचे तेल, दर साडेसात हजारांना फिल्टरसह बदलतो. एकदाही तारीख चुकवलेली नाही. सिंथेटिक टाकले म्हणून ‘आता पंधरा हजार बघायला नको’ असे म्हणणाऱ्या दोन मित्रांची इंजिने माझ्या डोळ्यांसमोर खोलून सिलिंडरच्या बोअरिंगला गेली. डिझेलचे गणित वेगळे आहे हे मला मान्य आहे. आमचे तेल दुसऱ्याच दिवशी काळे होते आणि काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम असते. तरीही गोदाकाठ यांना सांगावेसे वाटते की दुप्पट किमतीचे तेल दुप्पट अंतर चालवायचे असेल, तर ते घेऊ नका. आणि कोणतेही तेल घ्या, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, झाकणाखालचे सील स्वतः तोडा आणि रिकामा डबा गॅरेजमध्येच सोडून न येता घरी नेऊन त्याला भोक पाडा. माझ्या नावातील लाल डबा असाच दुसऱ्यांदा भरून मला विकला गेला होता.


गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या सात आठवड्यांत जे केले ते क्रमाने लिहितो.

टोपणाच्या आत तपकिरी थर होता आणि एका कडेला पांढुरका फेस, डांबर नव्हते. कूलंटची पातळी हललेली नाही, त्यामुळे फेस छोट्या फेऱ्यांचा समजून आता दर रविवारी गाडी त्र्यंबकपर्यंत नेऊन आणतो. सकाळी मुलाला मागे उभे केले, त्याला धूर दिसला नाही. कसारा उतरल्यावर मात्र पाय दाबला तेव्हा आरशात एक पुसट निळसर भपका दिसला आणि लगेच विरला. कॉम्प्रेशन १६५, १६०, १६८ आणि १५५ पीएसआय आले. मिस्त्री म्हणाले की रिंगांना हात लावायचे कारण नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी धरला तेव्हा तो मुका होता. आतली पिन चिकट गाळात रुतून बसली होती. तो आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग असे दोन्ही बदलले. जुने पॅकिंग हातात घेतले तर ते रबर राहिलेच नव्हते. वाकवताच कडक शेवेसारखे कटकन मोडले.

त्यानंतर फ्लश न करता १०डब्ल्यू-४० सिंथेटिक, एपीआय एसएन आणि ए३/बी४ असे दोन्ही छापलेले तेल भरले. मिस्त्रींनी नाखुशीने का होईना भरले, आणि ‘गळली तर माझ्याकडे येऊ नका’ असे हसत सांगितले. आज २,१०० किलोमीटर झाले आहेत. काडीवरची पातळी वरच्या खुणेपासून सुमारे पाव अंतर खाली आली आहे. पूर्वी एवढ्या अंतरात ती जवळजवळ निम्म्यावर येत असे. यात पॅकिंगचा वाटा किती, पीसीव्हीचा किती आणि तेलाचा किती, हे मला सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकदमच बदलले. तेल दिसायला मात्र बरेच काळे झाले आहे, पूर्वीचे मिनरल एवढ्या लवकर काळे होत नव्हते. याची काळजी करावी का? पुढचा बदल केव्हा करू? आणि काढलेले जुने तेल मिस्त्रींनी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला एका ठेकेदाराला दिले, ते मला फारसे पटले नाही.


तेल_तपासनीस (मुंबई)

काळे होणे ही या टप्प्यावर चांगली खूण आहे. पूर्वी भिंतींना चिकटलेले आता तेलात उतरते आहे. नेमक्या याच कारणासाठी पहिली भरणी लांबवू नका. तेल कितीही भारी असले तरी ३,००० ते ३,५०० किलोमीटरवर फिल्टरसह बदला, दुसरी भरणी ५,००० वर आणि त्यानंतर तुमच्या वापरात ७,५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल ते. घाटाखालचा भपका म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक होऊ लागले आहेत. एवढ्यासाठी आज इंजिनाचे हेड खोलू नका; पुढे कधी दुसऱ्या कारणाने ते खोलले गेले तर सील जरूर बदलून घ्या.

तुमची शंका रास्त आहे. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. प्लेटांवरून ते मजुरांच्या हातांना लागते आणि पावसात मातीत जाते. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे ते उचलणारे अधिकृत लोक येतात. मिस्त्रींनी डबा तेथे नेऊन द्यावा.


पाना-पकड (सांगली)

पुढच्या बदलाच्या वेळी निघालेला फिल्टर फेकू देऊ नका. तो रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि त्याचे पत्र्याचे कवच मिस्त्रींकडून कापून घ्या. आरीने कापू नका, नाहीतर तिचाच कीस आत पडेल आणि तुम्ही विनाकारण घाबराल. आतल्या कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरून उन्हात पाहा. काळी, बोटाने चुरडली जाणारी कणी म्हणजे सुटलेला गाळ. चकाकणारे काही दिसले तर त्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर पोलाद. न चिकटणारी रुपेरी किंवा तांबूस चकाकी असेल तर बेअरिंगची शक्यता असते, आणि मग गाडी न चालवता आधी येथे छायाचित्र टाका.